सूर्याच्या वेळापत्रकावर दोन दिवस कोकणात



मागच्या वेळी प्रवासातल्या शिदोरीबद्दल लिहिले, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. "ताई, आमचे रात्रीचे जेवण बंद, कंदमुळे बंद. आम्ही बरोबर असलो की घरच्यांची अडचण होते. मग आम्ही घरीच बरे, नाही का?" या प्रश्नाला मला सविस्तर उत्तर द्यायचे आहे, कारण हेच वाक्य माझ्या मोठ्या वन्सं चाळीस वर्षे म्हणत आल्या होत्या.

वन्संचे वय बहात्तर. लवकर वैधव्य आले, तेव्हापासून नियम कडक. मर्यादेचे पीठ, गाळलेले पाणी, स्वतःच्या हाताने केलेले जेवण, तेही सूर्य असेतोवर. शिखरजीला जाऊन आल्या, श्रवणबेळगोळला दोनदा गेल्या, कारण तिथे आपली सोय असते. पण कोल्हापूरपासून जेमतेम १३० किलोमीटरवर असलेला रत्नागिरीचा समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. आम्ही निघालो की म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या. माझ्यामुळे तुमच्या मजेत खोडा नको." दोन वर्षांपूर्वी मी ठरवले की या खेपेला सहल त्यांच्या नियमांवरच बेतायची. बाकीच्यांनी त्यात बसायचे.

मी बी.कॉम. झाले, नोकरी काही केली नाही, पण वही घालायची सवय राहिली. तेव्हा वही काढली आणि पहिल्या रकान्यात खर्च न लिहिता सूर्योदय आणि सूर्यास्त लिहिले. दुसरा रकाना तिथीचा, तिसरा पिठाचा, चौथा किलोमीटरचा. पैसे सगळ्यात शेवटी.

आधी महिना ठरवला. चातुर्मासात प्रवास नको हे आपल्याला घरातून माहीत असते. घाटात दरडी कोसळतात तेही याच दिवसांत, म्हणजे दोन्ही कारणांनी पावसाळा बाद. डिसेंबरात थंडी छान, पण सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दिवस हातातून निसटतो. एप्रिल-मेमध्ये दिवस मोठा, पण घामाने जीव जातो आणि पिठाची मर्यादा पाच दिवसांवर येते. फेब्रुवारी मात्र सगळ्या रकान्यांत बसला. पिठाची हिवाळ्याची सात दिवसांची मर्यादा, सूर्यास्त पावणेसातच्या आसपास, आणि कोकणात ओले काजू यायला सुरुवात.

मग तिथी. अष्टमी-चतुर्दशी टाळायची, म्हणजे उपवास आणि हिरव्या भाजीचा प्रश्न येत नाही. तिथीचा आणखी एक उपयोग समुद्रावर होतो. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. सूर्यास्ताला पाणी ओसरत असते आणि चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना या वाळूचे महत्त्व सांगायला नको. ज्या पंचांगात आपण पर्वतिथी बघतो, त्याच पंचांगावर समुद्रही चालतो, याचे मला फार नवल वाटले. आम्ही माघ वद्य पंचमी-षष्ठी धरली.

आता किती फिरायचे? इथे मला देशव्रताचा आधार वाटला. तीन गुणव्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत असते. दिग्व्रतात जन्मभरासाठी दिशांची मर्यादा, तर देशव्रतात ठरावीक काळासाठी त्याहून लहान मर्यादा. आजच्या दिवसात या नदीपलीकडे जाणार नाही, या वेशीबाहेर जाणार नाही, अशी. आपण ते व्रत म्हणून पाठ करतो, पण सहलीचा याहून चांगला नियम मला माहीत नाही. मी लिहिले: उत्तरेला रत्नागिरी शहर, दक्षिणेला गावखडी. बस्स. गणपतीपुळे, जयगड, आरे-वारेचा रस्ता सगळे पुढच्या वेळी. नातू रुसला, चिरंजीव म्हणाले, "एवढे गेलोच आहोत तर..." हे 'एवढे गेलोच आहोत तर' फार घातक असते. त्याच्यापायी दोन दिवस गाडीत जातात आणि समुद्र काचेतून दिसतो.

जेवणाचे कसे केले ते सांगते, कारण खरी अडचण तिथेच असते. पहिल्या दिवशीची शिदोरी घरची: दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, मुलांना भडंग. उकळलेल्या पाण्याची मर्यादा चोवीस तास, म्हणून पाणीही घरचे. दुसऱ्या दिवसासाठी विजेची किटली आणि गाळायचे फडके घेतले. आणि एक नियम मी माझ्यासाठी केला: तिथे मी पोळपाट हातात धरणार नाही. स्वयंपाकघर बदलले म्हणजे बाईची सहल होत नाही.

भाट्याच्या बाजूला एक शाकाहारी घरगुती खाणावळ आणि दोन खोल्या मिळाल्या. फोनवर मी नियम सांगितले. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नको आणि संध्याकाळचे जेवण सव्वापाचला. पलीकडच्या वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खायच्या नाहीत. तोच स्वयंपाक करते." एवढा साधा दुवा निघाला. वन्संची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी मागच्या पडवीत एक शेगडी द्यायचे कबूल केले.

पहाटे देवदर्शन करून निघालो. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे झाल्यावर मलकापूरच्या पुढे गाडी थांबवून नाश्ता केला. आंबा घाट उतरला की हवा जड होते, लाल माती दिसू लागते. वन्सं खिडकीची काच खाली करून बसल्या होत्या. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान पाहिले आणि जेवून थिबा राजवाड्यात गेलो.

तिथे मी जरा जास्तच रेंगाळले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतले आणि त्याला इथे आणून ठेवले. हा राजवाडा १९१० मध्ये झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. उंचावरून खाली भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. तीस वर्षे एका गावाची वेस त्याला ओलांडता आली नाही. मी मनात म्हटले, वेस त्यालाही होती आणि वहीत आज आम्हीही आखली आहे. पण त्याची दुसऱ्याने आखली, आमची आम्ही. एक कैद आणि एक व्रत. घरातल्या बाईच्या मर्यादांचेही असेच असते, कुठली कोणी आखली हे एकदा तपासून घ्यावे. वन्संचा नियम त्यांचा स्वतःचा होता. 'माझ्यामुळे अडचण' हे मात्र त्यांना इतरांनी शिकवले होते.

संध्याकाळी सव्वापाचला पाने मांडली. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, तोंडली भात, कुळथाचे पिठले आणि लसणाशिवाय सोलकढी. इथे एक गंमत. पिठल्याबरोबर ताक आपल्याला द्विदलामुळे चालत नाही. सोलकढी नारळाच्या दुधाची आणि कोकमाची, त्यात दही-ताक नाही, म्हणजे ती खुशाल चालते. वन्संनी पडवीत स्वतःची भाकरी थापली. वहिनींनी त्यांच्यासमोर नारळ फोडून दिला आणि त्यांची चटणी चाखायला मागितली. सहाच्या आत हात धुऊन सगळे मोकळे.

तेव्हा लक्षात आले की सूर्यास्ताच्या आधी जेवणाऱ्या माणसाला सूर्यास्त पाहायला सगळ्यात जास्त फुरसत असते. किनाऱ्यावरचे बाकी लोक चहा-भजीच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या चिंतेत होते. आम्हाला काहीच करायचे नव्हते. वन्सं ओल्या वाळूवर उभ्या राहिल्या, चपला हातात. खेकड्यांची बिळे चुकवत पाऊल टाकत होत्या. पाणी पायाला लागले तेव्हा एवढेच म्हणाल्या, "हे गार असेल असे वाटले होते." बराच वेळ मग बोलल्या नाहीत. रत्नागिरीत सूर्य कोल्हापूरपेक्षा तीन-चार मिनिटे उशिरा मावळतो, तेवढी मिनिटे मी जमेत धरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावखडी. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गावातली माणसे घरट्यांवर राखण ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पिल्ले निघतीलच असे नसते, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्यावे. आम्हाला मिळाली. तळहाताहून लहान जीव, वाळूवरून पाण्याकडे धडपडत जाणारे. लाट मागे ढकलते, ते पुन्हा निघतात. उचलून पाण्यात ठेवायचे नाहीत, त्यांचे त्यांना चालू द्यायचे, असे तिथल्या मुलाने नातवाला सांगितले. वन्संनी हात जोडले. जीवदया आपण पाटीवर वाचतो, तिथे ती कोणीतरी पहाटे उठून करत होते. त्याच किनाऱ्यावर मासे सुकत होते, त्याचा वासही होता. ते त्यांचे पोट आहे. आपण नाक मुरडायला गेलेलो नसतो, वाट बदलून जावे.

साडेसातला परतलो, मर्यादेनंतर घावन खाल्ले. घावनाचे पीठ आंबवावे लागत नाही, हेही लक्षात ठेवा. लवकर जेवून बाराला निघालो आणि सूर्य असताना कोल्हापुरात पोचून संध्याकाळचे जेवण घरी केले.

तुम्हाला करायचे असेल तर एवढेच: घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा, खाणावळीला वेळ आणि नियम फोनवर स्पष्ट सांगा, समुद्रात घोट्यापुढे जाऊ नका, आणि 'एवढे गेलोच आहोत तर' म्हणणाऱ्याला वही दाखवा.

पुढच्या माघात गगनबावड्याकडून उतरायचे आहे. वैभववाडी, तळेरे, मग खारेपाटणचे जुने जैन मंदिर आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. ही वेस वन्संनी आखली आहे. पिठाचा डबाही त्यांनीच आतापासून बाजूला काढून ठेवला आहे.

जय जिनेंद्र.