गाळलेले दोन दात

इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, म्हणजे क्रँकशाफ्टबरोबर, एक दातेरी चक्र फिरत असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. चक्राच्या समोर, जेमतेम मिलिमीटरभर अंतर राखून, एक सेन्सर बसवलेला असतो. दात समोरून गेला की त्याच्याकडून विजेची एक टिचकी निघते. अठ्ठावन्न टिचक्या आणि मग एक खाडा. त्या खाड्यावरून गाडीतल्या संगणकाला कळतं, की दांडा आत्ता कुठे आहे, पिस्टन कुठवर चढलाय, पेट्रोल कधी शिंपडायचं, ठिणगी कधी पाडायची. गाडी सिग्नलला नुसती घुरघुरत उभी असते, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर, तेव्हाही सेकंदाला पावणेआठशेच्या आसपास टिचक्या मोजल्या जात असतात. मला मात्र सगळ्यात नवल वाटलं ते त्या गाळलेल्या दातांचं. साठच्या साठ दात शाबूत असते तर संगणकाला वेग कळला असता, जागा कळली नसती.

या उन्हाळ्यात आमच्या गाडीतला हाच सेन्सर दगा द्यायला लागला. दगाच म्हणायचं, कारण सकाळी गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. फुलपाड्याहून निघालं, विरार फाट्याला हायवे धरला, ठाण्याला पोचलं, काही नाही. दुपारी परतताना वर्सोवा पुलाच्या अलीकडे रांगेत अडकून इंजिन तापलं की एकदम बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही घेत नाही, मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढत नाही. बॉनेट उघडून, बाजूला उभं राहून, लोकांचे सल्ले ऐकून झाले की किल्ली फिरवावी, तर काही घडलंच नाही अशा थाटात सुरू!

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांची हयात एस.टी.त गेली. अर्नाळा आगारात ते कारागीर होते, निवृत्त झाले तेव्हा प्रमुख कारागीर. वर्कशॉपमधल्या आवाजानं त्यांचे कान गेले. आता श्रवणयंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ टीव्हीशेजारच्या वाटीत पडून असतं. त्यामुळे मला सगळं दोनदा, ओरडून सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांचे दोन प्रश्न. गार असताना बंद पडते की तापल्यावर? आणि बंद पडताना आचके देते का?

"तापल्यावर. आचके नाहीत."

"मग पेट्रोल नाही. करंट बघ."

पेट्रोल अडलं तर गाडी कुथत, धापा टाकत थांबते, करंट तुटला तर जागच्या जागी. हे त्यांचं जुनं गणित. आमच्या गाडीत काय काय भरलंय याची त्यांना फारशी कल्पना नाही, कारण त्यांनी हाताळलेल्या डिझेल बसमध्ये सेन्सर नावाची वस्तूच नव्हती. तेलाचा दाब आणि पाण्याची उष्णता दाखवणारे दोन काटे, तेही अनेकदा बंद. निदान व्हायचं ते कानानं. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट वाजतोय, नोझल ठोकतोय की बेअरिंग घासतंय, हे त्यातून कळायचं. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन आगारात जायचे तेव्हा पिटमध्ये उतरून असे कानाला स्क्रू ड्रायव्हर लावलेले बाबा पाहिलेले आहेत. मुंबईकडे जाणारी बस फाटकातून बाहेर पडताना ते डबा खाता खाता मान वर न करता म्हणायचे, "तिसरा सिलिंडर." शेजारचे हसायचे. पण दुसऱ्या दिवशी तीच बस परत आलेली असायची, असं म्हणतात. मी काही तपासायला गेले नाही.

तेव्हाचं फुलपाडा म्हणजे जीवदानीच्या डोंगराखाली थोडी वस्ती आणि बरीच भातखाचरं. त्यातच बाबांनी नव्वदच्या दशकात एक जुनी पद्मिनी घेतली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे पाटीवर एम.एच. ०४. आता २०१४ पासून आम्ही पालघरवाले आणि माझ्या गाडीला ४८. पद्मिनीत स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर होता आणि इंजिनाच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर. आज सेन्सर आणि संगणक मिळून ठिणगीची जी वेळ साधतात, ती तिथे दोन धातूच्या टिकल्या साधायच्या. सीबी पॉइंट. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम त्यांना वेळच्या वेळी उघडायचा, उघडल्या की ठिणगी. दोन टिकल्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती बिघडली की गाडी बिघडली. रविवारी सकाळी मी पुढून हँडल फिरवायची आणि बाबा "हां, हां, थांब" करत फटीत गेजची पत्ती सरकवायचे. टिकल्या काळ्या पडल्या असतील तर पॉलिश पेपरचा एक तुकडा. काम संपलं.

हे लिहिताना डोळे पाणावण्याची एक पद्धत पडली आहे. २००३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा केवढे गहिवर निघाले! बाबांना विचारलं तर म्हणाले, "बरं झालं. दर रविवारी कोण बसणार टिकल्या घासत?" मला त्यांचं पटतं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की ती गाडी ढकलायला सगळा पाडा गोळा व्हायचा. आणि त्या गाड्या धूर सोडायच्या तो कुणाच्या छातीत गेला, ते आपण मोजलंच नाही. शिसं घातलेलं पेट्रोल देशातून हद्दपार झालं ते २००० साली. सेन्सर आले ते त्याच मार्गानं. बॉनेटखाली ही सगळी मोजणारी मंडळी बसवली ती चालकाच्या सुखासाठी नाही, हवेसाठी. डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाच्या आकाराचा दिवा मुळात सांगत असतो, की तुमच्या गाडीचा धूर आता भरवशाचा राहिलेला नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या मोटारींना ही स्वतःची तपासणी स्वतः करण्याची पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून. आपली गाडी त्यानंतरची असेल, तर स्टिअरिंगखाली चाचपून बघा, सोळा पिनांची एक खोबण हाताला लागेल.

त्या खोबणीत काडेपेटीएवढं एक यंत्र घातलं की ते मोबाइलशी बोलतं. आमच्या गाडीनं सांगितलं, पी ०३३५. क्रँकशाफ्टच्या सेन्सरचं सर्किट. गॅरेजमध्येही हाच आकडा निघाला होता आणि लगेच सेन्सर, प्लग, वायरिंग असा मोठा कागद हातात आला होता. त्यांनाही दोष देत नाही. दारात गाड्या खोळंबलेल्या असताना एकेका तारेचा माग काढत बसणं त्यांना परवडत नाही. पण आकडा "सर्किट" म्हणतो, "सेन्सर" म्हणत नाही. टिचक्या संगणकापर्यंत पोचल्या नाहीत, एवढीच त्याची साक्ष. सेन्सर मेला असेल, कपलर सैल असेल, तार तुटली असेल. आणि डोंगरालगत राहणाऱ्या माणसानं या तिसऱ्या शक्यतेवर आधी संशय घ्यावा. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की उंदीर-घुशी पार्किंगमध्ये येतात आणि गरम बॉनेटखाली मुक्काम ठोकतात. सोसायटीत निम्म्या गाड्यांत तंबाखूची पुडी टांगलेली आहे. उंदीर तंबाखूला किती भितात कोण जाणे. एका पुडीवर पिल्लं घातलेली मी पाहिली आहेत.

रविवारी पहाटेच गाडी काढली, इंजिन गार असताना. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, पुढून जॅक आणि जॅकच्या जोडीला घोडी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हा आगारातला नियम आमच्या घरात देवाच्या आरतीइतका पक्का आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. सेन्सर आमच्या गाडीत खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी. दहा नंबरचा एकच बोल्ट. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिथे हात जातो तर पाना जात नाही, पाना जातो तर तो फिरत नाही. गोटी पान्याला लांब एक्स्टेन्शन लावून, आरशाच्या तुकड्यात बघत बोल्ट सोडवला. मग सेन्सर निघेना. त्याच्या अंगावरची रबराची ओ-रिंग वर्षानुवर्षं तापून भोकाला चिकटलेली असते. इथे ओढाओढ केली तर प्लॅस्टिक मोडतं आणि अर्धा तुकडा आत राहतो. थोडं तेल सोडायचं, डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत राहायचं, वाट बघायची. बाबा खुर्ची टाकून बसले होते. जाणारा-येणारा त्यांना विचारायचा, "काका, काय झालं गाडीला?" आणि ऐकू न आल्यामुळे ते प्रत्येकाला "हो, हो, चहा झाला" म्हणायचे.

निघाला. अंगठ्याएवढा काळा ठोकळा, टोकाला लोखंडाची बारीक भुकटी चिकटलेली, कारण आत चुंबक. चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. दहावीच्या पुस्तकात "विद्युतधारेचे परिणाम" नावाचा धडा आहे, तो मी दर वर्षी शिकवते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलं, की चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज खेळते. वर्गात मुलं गॅल्व्हनोमीटरच्या काट्याकडे बघून "हूं" करतात. इथे तेच, फक्त चुंबक जागेवर आणि समोरून लोखंडी दात पळताहेत. सगळ्या गाड्यांत असा नसतो. पुष्कळ ठिकाणी हॉल परिणामावर चालणारे, तीन तारांचे सेन्सर असतात, त्यांची परीक्षा वेगळी. आमचा दोन तारांचा. मल्टिमीटर लावला, रोध व्यवस्थित. टोकासमोरून पाना झपकन फिरवला, मीटरवर मिलिव्होल्टचे आकडे उड्या मारायला लागले. म्हणजे ठणठणीत!

मग घरातून केस वाळवायचा ड्रायर आणला. पार्किंगमधल्या पॉइंटवर लावून सेन्सरवर गरम हवा सोडली. आधी आकडा हळूहळू चढला, तांबं तापलं की रोध वाढतोच. आणि अचानक मीटरवरचा आकडा गेला. सर्किट तुटलं. ड्रायर बंद केला, ठोकळा गार व्हायला ठेवला, आकडा परत हजर. आतल्या तारेत कुठेतरी केसभर चीर असणार. तापून भोवतीचं प्लॅस्टिक पसरलं की दोन टोकं दूर, निवलं की पुन्हा टेकलेली. वर्सोवा पुलाजवळचा सगळा तमाशा आमच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. बाबांनी मीटर हातात घेतला, मला पुन्हा करायला लावलं, आणि परत एकदा. ते ओठांतल्या ओठांत "तापल्यावर" म्हणत होते.

तरी तारा तपासल्याच. कपलरपासून वरपर्यंत हात फिरवला, कुठे दात लागलेले नव्हते. कपलरच्या पिनांवर खाडीच्या हवेचा हिरवट थर होता, तो साफ केला. नवा सेन्सर कंपनीचाच आणला होता. बाजारात दिसायला हुबेहूब, किमतीला पाव असे मिळतात. पण पुन्हा आरसा घेऊन तिथे हात घालायची माझी तयारी नव्हती. ओ-रिंगला तेलाचं बोट, हातानं दाबून शेवटपर्यंत बसवला, मग बोल्ट. बोल्टनं ओढून बसवायचा नाही, कान तुटतो. कपलर "टक" वाजेपर्यंत. बॅटरीची तार जागेवर. मोबाइलवरून जुना आकडा पुसला आणि किल्ली दिली.

बाबांनी श्रवणयंत्र आणलंच नव्हतं. त्यांनी मडगार्डवर तळवा टेकवला, डोळे मिटले, मला वेग वाढवायची खूण केली, कमी करायची केली. "चाललंय," म्हणाले. मग दुपारी भर उन्हात त्यांना शेजारी बसवून खानिवड्यापर्यंत जाऊन आले, परतीला मुद्दाम इंजिन चालू ठेवून एका झाडाखाली थांबून राहिले. पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. गाडी थांबली नाही. काढलेला सेन्सर मी शाळेत नेला आहे. ड्रायरचा प्रयोग मुलांना गॅल्व्हनोमीटरपेक्षा जास्त आवडला.

आता संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला यंत्र मागायला आला. त्याच्या नव्या सीएनजी रिक्षेतही तो पिवळा दिवा लागलाय. यंत्र घेऊन गेलो तर रिक्षेची खोबण वेगळीच, आमचा प्लग बसेना. "मग आता कसं कळायचं?" त्यानं विचारलं. बाबा तोवर चप्पल घालून खाली आलेच होते. त्यांनी रिक्षेभोवती एक चक्कर मारली, मागचं झाकण उघडायला लावलं, हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला.

"सकाळी ये, गार असताना," ते म्हणाले. "आणि तू तुझा तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये गं, लांबवाला."