वजन उतरते, मनाचे काय?

वजन हा विषय आरोग्यविषयक वाचन करणाऱ्यांना नवा नाही. मात्र आपण ज्या वजनाविषयी नेहमी बोलतो ते बहुधा चाळिशीनंतर पोटाभोवती साठलेले, महिनोन्‌महिने चालून हळूहळू उतरवायचे वजन असते. आज मला निराळ्याच वजनाविषयी लिहायचे आहे. मुळात सुदृढ, सडपातळ असलेली मुलेमुली स्पर्धेआधीच्या चारसहा दिवसांत दोनतीन किलो उतरवतात आणि स्पर्धा संपताच ते पुन्हा चढते. ज्या घरात कुणी मुष्टियुद्ध खेळते त्या घराला हा प्रकार चांगला परिचयाचा असतो. त्याचे शरीरावर काय परिणाम होतात हे थोडेफार बोलले जाते. मनावर काय होतात याविषयी मात्र घरात सहसा कुणी बोलत नाही.

मी क्रीडावैद्यकाचा तज्ज्ञ नाही. पंचवीसहून अधिक वर्षे एका उपनगरात दवाखाना चालवणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. जवळच बॉक्सिंगचा एक क्लब असल्याने तिथली मुले सुजलेली बोटे आणि फुटलेल्या भुवया घेऊन माझ्याकडे येतात. त्या ओळखीतून काही स्थानिक स्पर्धांत वैद्यकीय तपासणीसाठी बसण्याचा योग आला. हौशी मुष्टियुद्धात ज्या दिवशी लढत असते त्या दिवशी सकाळीच वजन होते आणि त्याआधी डॉक्टर खेळाडूला तपासतो. जीभ बघावी तर कोरडी, नाडी जलद, ओठ फुटलेले. कुणी ट्रॅकसूटच्या आत प्लॅस्टिक गुंडाळून मैदानाला फेऱ्या घालतो आहे, कुणी कोपऱ्यात बसून सारखा थुंकतो आहे, कारण थुंकीचेही वजन असते. सगळ्यांत जास्त लक्षात राहते ती त्यांची शांतता. पंधरासोळा वर्षांची वीस मुले एकत्र असूनही तिथे थट्टामस्करी नसते.

हे सारे कशासाठी, तर खालच्या वजनगटात उतरण्यासाठी. आपण मुळात मोठ्या हाडापेराचे असून लहान चणीच्या प्रतिस्पर्ध्याशी लढलो तर फायदा होईल, असा हिशेब असतो. प्रतिस्पर्धीही तोच हिशेब करून आलेला असतो, त्यामुळे फायदा बहुतेक वेळा कागदावरच राहतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन आदल्या दिवशी होते, तेव्हा भरपाईला काही तास तरी मिळतात. हौशी स्पर्धेत लढतीच्या प्रत्येक दिवशी काट्यावर उभे राहायचे असल्याने पोट आणि घसा आठवडाभर कोरडाच राहतो.

आता मनाकडे वळू. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो. अन्नपाणी तोडले की त्याची झळ त्याला लवकर लागते. शरीराच्या वजनाच्या एकदोन टक्क्यांइतके पाणी कमी झाले तरी थकवा, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव जाणवू लागतो. साठ किलोच्या मुलाने तीन किलो उतरवले तर ते पाच टक्के झाले, आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचाच असतो. 2001 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये सोळा अनुभवी हौशी मुष्टियोद्ध्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी आठवडाभरात साधारण पाच टक्के वजन उतरवले होते. त्यांच्यात राग, ताण आणि थकवा वाढलेला, तर उत्साह घटलेला आढळला; शिवाय त्यांची कामगिरी त्यांच्या स्वतःच्या अपेक्षेला उतरली नाही. ज्या खेळात समोरचा ठोसा क्षणार्धात ओळखून चुकवायचा असतो, तिथे मंदावलेले लक्ष हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पाण्याची भरपाई काही तासांत सुरू होते. भुकेने मनावर उमटवलेले वळ मात्र इतक्या लवकर जात नाहीत. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणे नोंदवली. ही माणसे चिडखोर, उदास आणि एकलकोंडी झाली. दिवसभर त्यांच्या मनात अन्नाचाच विचार चाले. काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवायला सुरुवात केली. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना खाताना थांबता येईना. मुष्टियोद्ध्याचा उपवास इतका दीर्घ नसतो हे खरे. पण वर्षात पाचसहा स्पर्धा असल्या तर तो पुन्हापुन्हा घडतो, आणि तोही वाढत्या वयात.

अशाच एका सतरा वर्षांच्या मुलाला त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. तक्रार स्वभावाची होती. धाकट्या भावावर तो हात उगारू लागला होता, रात्री जागा असे, अभ्यास सुटला होता. "डॉक्टर, याला एखादं टॉनिक द्या," असे त्या म्हणाल्या. त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी त्याच्याशी बोललो. तो दिवसातून सातआठ वेळा काट्यावर उभा राहत असे. पाण्याने चूळ भरून ते थुंकून टाके. मोबाइलवर तासन्‌तास पदार्थ बनवण्याची चित्रफीत पाहत बसे. स्पर्धा संपली की उलटी होईपर्यंत खाई आणि मग न्हाणीघरात जाऊन रडे. "काटा बरोबर दाखवत असला तरच मी बरा असतो, सर," एवढेच तो शेवटी म्हणाला. टॉनिकने सुटणारे हे दुखणे नव्हते.

मी त्याच्या आईवडिलांशी आणि मग मुलाच्या संमतीने प्रशिक्षकांशी बोललो. वडिलांना मुलाच्या निग्रहाचा अभिमान होता आणि तो समजण्यासारखा होता. प्रशिक्षकांनी त्याला वरच्या गटात खेळवण्याचे मान्य केले. खाण्याच्या प्रश्नासाठी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्या वर्षी वरच्या गटात तो दोनदा हरला आणि त्याचे त्याला वाईटही वाटले. पण तो झोपू लागला, आणि भाऊ पुन्हा त्याच्या खोलीत अभ्यासाला बसू लागला. माझ्या लेखी ही प्रगतीच होती.

समाज म्हणून आपण या गोष्टींकडे कसे पाहतो, याचाही विचार करायला हवा. सप्टेंबर 2018 मध्ये पोलंडमधील स्पर्धेपूर्वी मेरी कोम यांनी तासभर दोरीच्या उड्या मारून सुमारे चार तासांत दोन किलो वजन उतरवले आणि सुवर्णपदक जिंकले. आपण सर्वांनी त्यांचे कौतुक केले. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये निखत झरीन हरल्यानंतर वजनासाठी दोन दिवस खाल्ले नव्हते असे त्यांनीच सांगितले. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या अंतिम लढतीपूर्वी विनेश फोगाट शंभर ग्रॅमनी अपात्र ठरल्या, तेव्हा रात्रभर चाललेली धडपड साऱ्या देशाला कळली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. अनुभवी, प्रौढ खेळाडू जे पत्करतात त्याची नक्कल चौदा वर्षांचे मूल क्लबात करते, ही माझी चिंता आहे. अमेरिकेत 1997 च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे रबरी सूट, सौना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली आणि वजन लढतीच्या जवळ घेतले जाऊ लागले. म्हणजे मोठ्यांनी मनावर घेतले तर नियम बदलतात.

तोवर घरच्यांनी काही खुणा ओळखाव्यात. स्पर्धेच्या आधी थोडी चिडचिड होईल; पण ती स्पर्धेनंतर आठवडा उलटूनही टिकली, झोप उडाली, मूल चोरून किंवा बेभान खाऊ लागले, खाल्ल्यावर उलटी काढू लागले, मुलीची पाळी थांबली, किंवा अर्ध्या किलोवरून ते स्वतःला नालायक म्हणू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. 'जगून काय उपयोग' असे शब्द कानी आले तर एक दिवसही थांबू नये; शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घरात दिसल्या तर ताबडतोब काढून घ्याव्यात. त्यांनी क्षारांचा तोल बिघडून हृदयाची गती चुकू शकते, शिवाय त्या उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत. आणि जेवणाच्या ताटावर बसलेल्या मुलाला "वजन किती झालं रे?" असे विचारू नये. तो हिशेब त्याच्या डोक्यात चालूच असतो.

वाढत्या वयातील मुलांनी स्पर्धेसाठी वजन उतरवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रौढ खेळाडूने उतरवायचेच असेल तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठवड्याला अर्धा ते एक किलोहून जास्त नाही, आणि स्पर्धेच्या बऱ्याच आधी. पुढच्या स्पर्धेच्या नोंदणीचा अर्ज तुमच्या घरी येईल तेव्हा वजनगटाच्या रकान्यापाशी थोडे थांबा. मुलाला आणि प्रशिक्षकांना सोबत घ्या, आणि पोटभर जेवून, पुरेसे पाणी पिऊन, नीट झोप घेऊन त्याचे जे वजन भरते, त्यालाच साजेसा गट तिथे लिहा.