नवाचा ताळा

एका जुन्या गणितग्रंथाची पाने सहज चाळीत बसलो असता तळटीपेत छापलेल्या एका गुणाकारापाशी नजर अडखळली आणि त्या दिवसाचे वाचन तेथेच संपले. 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287, उत्तर 14,75,73,95,25,89,67,64,12,927. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक, ती ही एकवीस अंकी संख्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत अठरा स्थानांना नावे दिली. खर्व, निखर्व, जलधी, अंत्य, मध्य अशा पायऱ्या ओलांडून परार्धाशी पोहोचावे, तर ही 1475 परार्धांच्याही पलीकडे उभी. घातांकाच्या इवल्या आकड्यापेक्षा ‘जलधी’ या शब्दात मला विस्ताराची जाणीव अधिक होते.

मर्सेन या फ्रेंच मठवासी पंडिताने 1644 साली हिला अविभाज्य संख्यांच्या यादीत बसविले. 1876 साली लुकासने सिद्ध केले, की ती अविभाज्य नव्हे. मात्र तिचे विभाजक कोणते, हे त्या सिद्धतेतून कळेना. ती फुटते हे निश्चित, कोठे फुटते हे अज्ञात.

अशी अवस्था मी लहानपणी घरात पाहिली आहे. अण्णा मामलेदार कचेरीत खजिन्याचे कारकून होते. एकदा महिनाअखेरीस तेरीज जुळेना, तेव्हा रोजकीर्द रुमालात बांधून ते घरी घेऊन आले, आणि जेवणे आटोपल्यावर कंदिलाची वात मोठी करून, घोंगडीवर मांडी ठोकून, एकेका रकमेवरून टाकाचे कोरडे टोक फिरवू लागले. तफावत बरोबर 27 रुपयांची. मी शेजारी पेंगत होतो. ते म्हणाले, “बाळ, सत्तावीसला नवाने भाग जातो. म्हणजे रक्कम गहाळ झालेली नसावी; अंक उलटे बसले असावेत.” मग ज्यांच्या शेजारच्या अंकांत तिनाचे अंतर आहे, अशाच रकमा ते पाहू लागले: 14, 25, 36, 47. वाऱ्याने पान उडू नये म्हणून दौत वर ठेवलेली, आई मधूनच उठून कंदिलात तेल घालून जाई. कोंबडा आरवला तेव्हा शेतसाऱ्याच्या एका रकमेत 85 च्या जागी 58 सापडले. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. त्या पहाटेइतकी शांत मुद्रा त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिली नाही.

31 ऑक्टोबर 1903 रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेले, दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, शेजारच्या मोकळ्या जागेत हा गुणाकार मांडला, आणि दोन्ही उत्तरे जुळताच एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले, असे सांगतात. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले म्हणे. या संख्येचा प्रत्येक विभाजक 134 च्या पटीत एक मिळविल्यानेच लाभतो. 19,37,07,721 ही त्या जिन्याची 14,45,580 वी पायरी. शेषांच्या चाळणीने असंख्य पायऱ्या गाळल्यावाचून तेथवर पोहोचणे एका माणसाच्या हातून घडते ना. विद्वत्तेपेक्षा ही चिकाटीच मला अधिक पूज्य वाटते.

मी पेन्सिल घेऊन नवाचा ताळा पाहिला. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज 37, म्हणजे 1. दुसरीची 64, म्हणजे 1. गुणाकाराची 109, म्हणजे 1. एक गुणिले एक, एक. ताळा जुळला. पण उलटे बसलेले अंक नवाच्या ताळ्याला दिसत नाहीत, हे मी त्या रात्री घोंगडीवर शिकलो होतो. म्हणून कोरा ताव पुढे ओढला, आणि एककापासून आरंभ केला: सात एके सात.