आगोटीच्या उन्हात

मृग लागायच्या आधीचे आठ-पंधरा दिवस रत्नागिरीत कुणाच्या घरापुढचं खळं मोकळं दिसत नाही. ताटांत आंबापोळ्या, सुपांत फणसाचे पापड, रसात बुडवून बुडवून काळपट झालेली आमसुलं, कट्ट्यावर मिरच्या, दोरीवर गोधड्या. पुढचे चार महिने इथं पावसाचं राज्य. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आमच्याकडे, आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलेवर बुरशीची पांढरी लव धरते. म्हणून वाळवायचं ते आत्ता, आगोटीच्या उन्हात. गेल्या काही वर्षांत आमच्या घरच्या आगोटीत एक काम वाढलं आहे. नातीची कारसीट स्वच्छ करायचं.

मुलगा-सून पुण्याहून येतात ते कराड, मलकापूर करत आंबा घाटातून. घाट उतरून साखरपा येईपर्यंत पोरीला गाडी लागते ती लागतेच. मग नाणीज, पाली, हातखंबा आणि घर. सुट्टीभर तीच सीट मांडवीला जाते, भाट्याच्या सुरूबनात जाते, आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला जाते. परतायची तयारी सुरू झाली की मी सुनेला म्हणते, तू बॅगा भर, सीट माझ्याकडे दे. मला हे काम आवडतं. लहान मुलाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तू धुताना हाताला एक वेगळीच माया येते. लंगोट धुताना यायची, दुपटी धुताना यायची, तीच इथंही येते.

कोकणातल्या मे महिन्याचे डाग मात्र साधे नसतात. आंब्याचा रस ओला असताना गार पाण्यानं टिपला तर निघतो, वाळला की पिवळी सावली मागं ठेवतो. कोकम सरबताचा डाग लाल दिसतो आणि साबण लागला की डोळ्यांदेखत निळसर-जांभळा होतो, कारण रातांब्याच्या सालीतला रंग आम्लात लाल असतो आणि क्षारात पालटतो. त्याला आधी साबण दाखवायचाच नाही, साध्या पाण्यानं उतरेल तेवढा उतरवायचा. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, त्याला खोबरेल तेलच लागतं. तेल प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर बोटानं चोळून पुसून काढावं, पण पट्ट्यांच्या आसपाससुद्धा नेऊ नये. जांभ्याची तांबडी माती पूर्ण वाळू द्यावी आणि मग ब्रशनं झाडावी. ओली चोळली की ती धाग्यात जाऊन बसते. उलटीला मात्र थांबता येत नाही. चमच्यानं वरचं काढून घ्यायचं, ओल्या फडक्यानं आतून बाहेर न पसरवता कडेकडून मध्ये पुसत यायचं. ते राहिलं तर दुसऱ्या दिवशी बंद गाडीत जो आंबूस वास कोंडतो त्यात ब्युटिरिक आम्ल असतं, खवट लोण्यात असतं तेच. एकदा ते फोमात उतरलं की पुढच्या घाटात त्या वासानंच पोरीच्या पोटात ढवळायला लागतं.

कव्हर काढायच्या आधी सून मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवते. कुठला पट्टा कुठल्या खाचेतून गेला आहे, मागची पकड कशी अडकली आहे, हे नंतर आठवत नाही आणि अंदाजानं ओवायची ही वस्तू नाही. मग इलॅस्टिकच्या कड्या एकेक सोडवायच्या. कव्हराखाली वर्षभराची सुट्टी साठलेली असते. बिस्किटाचा भुगा, काजूची साल, वाळून तपकिरी झालेलं बकुळीचं फूल, एक शिंपला, हरवला म्हणून रडारड झालेली छोटी पिन. बकुळीचं फूल मी टाकत नाही, पोरीच्या हातात देते. तिला ते कुठून आलं ते नेमकं ठाऊक असतं.

कव्हर बहुतेक वेळा मशीनमध्ये चालतं. आतल्या बाजूला शिवलेली पट्टी सांगते तसं, गार किंवा ३० अंशांच्या पाण्यात, हलक्या फेऱ्यात, सौम्य साबणानं. ब्लीच नाही, पिळणं नाही, इस्त्री नाही. खालचा थर्माकोलसारखा फोम धक्का झेलण्यासाठी असतो, तो बुडवायचा नाही, नुसता पुसायचा. त्यावर चीर दिसली तर ती साफसफाईची बाब राहत नाही, सीट बनवणाऱ्या कंपनीलाच विचारायचं.

आणि मग पट्टे. आमच्या पिढीची स्वच्छता जोराची. उकळायचं, भिजत घालायचं, धोणीवर आपटायचं, कडक उन्हात टाकायचं. कपडा असा धुतला की मन निवतं. पट्टे बघितले की हात त्याच वळणावर जातो, कारण सगळ्यात कळकट तेच दिसतात. हनुवटीखाली लाळेनं, रसानं, सरबतानं कडक झालेले. पहिल्याच वर्षी सुनेनं सांगून ठेवलं होतं, "आई, पट्टे भिजवू नका हं. नुसते पुसायचे." का, ते तिनं पुस्तिका उघडून दाखवलं. हे विणकाम नुसतं घट्ट नसतं. गाडी आदळली की पट्ट्यानं मुलाला धरायचंही असतं आणि किंचित ताणून त्याच्या अंगावर येणारा झटका सौम्यही करायचा असतो. जहाल साबण, ब्लीच, भिजवणं, मशीन, इस्त्री यांनी धागा आतून कमजोर होतो आणि वरून पट्टा छान, उजळ दिसत राहतो. मला त्या दिवसापासून या पट्ट्यांचं वेगळंच वाटू लागलं. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, विणीच्या दिशेनं हलका हात, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. एवढंच. जाईल तेवढा डाग जातो, उरेल तो राहू द्यायचा. पट्टा अगदीच घाण झाला किंवा त्याची वीण विसविशीत झाली तर त्याच कंपनीचा नवा मागवायचा.

बकलाची तऱ्हा निराळी. मांडवीची वाळू काळी, जड, लोहखनिजाची. तिचे कण बकलात गेले की आत करकर होते आणि जीभ पूर्ण अडकत नाही. आमच्या सीटच्या पुस्तिकेत बकल कोमट साध्या पाण्यात धरून लाल बटण पुन्हा पुन्हा दाबायला सांगितलं आहे. पाण्याच्या तळाशी काळा गाळ बसतो तो बघण्यासारखा असतो. घरातली कुरकुरणारी कडी असली की आपण तेलाचा थेंब सोडतो, इथं तो सोडायचा नाही, तेलाला आणखी वाळू चिकटते. वाळल्यावर जीभ घालून बघायची. टक् असा स्वच्छ आवाज आला पाहिजे, आणि मी तो कान लावून ऐकते.

खळ्यात हे चाललेलं असताना शेजारच्या काकू हटकून विचारतात, "अहो वहिनी, एवढा खटाटोप कशाला? पोर मांडीत घेतली की झालं." त्यांचं म्हणणं मला तोडावंसं वाटत नाही, कारण आमची सगळ्यांचीच मुलं एसटीत मांडीवर मोठी झाली. पण हिशेब ऐकल्यावर माझा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उरला नाही. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर त्या क्षणात १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला जवळजवळ २०० किलो पेलण्याइतका जोर लागतो. कुठल्या आजीच्या हातात तो असतो? अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षा खात्याच्या आकडेवारीप्रमाणे कारसीटमुळे अपघातात मृत्यूचा धोका वर्षाच्या आतल्या बाळांसाठी ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी ५४ टक्क्यांनी घटतो. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्यासाठीच्या सीटशिवाय गाडीत असेल तर १००० रुपये दंड. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुचाकीवरच्या ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी हार्नेस आणि हेल्मेटचा नियम निघाला. तरी हातखंब्याच्या तिठ्यावर उभं राहून बघा, किती पोरं पुढच्या सीटवर आईच्या मांडीत दिसतात ती. जीव तुटतो.

ही सीट म्हणजे श्रीमंती थाट असं वाटणाऱ्यांना मी बेर्तिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरांची गोष्ट सांगते. जेमिनी यानातले अंतराळवीर झटका पाठीवर झेलता येईल असे बसतात हे त्यांनी पाहिलं आणि तान्ह्या बाळांनाही गाडीत मागं तोंड करून बसवावं हे त्यांना सुचलं. १९६४ मध्ये त्यांच्या सीटची चाचणी व्होल्वो गाडीत झाली. बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी, म्हणून धक्का पाठभर पसरला पाहिजे. पाळण्यात घालताना मानेखाली हात देणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही.

पाळणा मात्र आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. माझ्या सासऱ्यांना निजवलेला शिसवी पाळणा नातीपर्यंत आला. त्यामुळे भाचेसुनेनं हिची सीट पुढच्या वर्षासाठी मागितली तेव्हा मला आनंद झाला, आणि मी सांगाडा उलटा करून खालचा शिक्का आधी वाचला. सीटला वापराची मुदत असते, बहुतेकांची ६ ते १० वर्षं. ऊन, गरमी, थंडी खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं. मुदत शिल्लक आहे आणि सीट मोठ्या अपघातातून गेलेली नाही, हे दोन्ही पाहून मगच मी हो म्हटलं.

वाळवणात सगळ्या खळ्याला ऊन हवं असतं, एकट्या या सीटला नको असतं. रत्नागिरीचं मे महिन्याचं ऊन आमसुलाला मानवतं, पॉलिस्टरच्या पट्ट्यांना नाही. ते रंगही उडवतं आणि धागाही खातं. म्हणून कव्हर झाडाच्या सावलीत दोरीवर आणि सांगाडा पडवीत, समुद्राकडून वारा येतो त्या बाजूला. त्या वाऱ्याबरोबर खारही येतो. भिजल्या अंगानं पोर बसली असेल तर पट्ट्यात मीठ राहतं, मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि पट्टा कधी कोरडा लागतच नाही. तसं वाटलं की पुन्हा एकदा साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं आणि आणखी एक दिवस जाऊ द्यायचा. ओलसर फोमावर कव्हर चढवून सीट पावसाळ्यात पाठवली तर आत बुरशी धरणार, आणि ती वरून दिसणारही नाही.

परत बसवताना सून फोटो बघून सांगते, मी पट्टे ओवते. यंदा पोरीला सांगाड्यात बसवून पाहिलं तर तिचे खांदे जुन्या खाचेच्या वर गेले होते. पुढं तोंड करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत. वर्षभरात हाताबाहेर वाढली कारटी, आणि ते आम्हाला सीट उघडल्यावर कळलं. पट्टे एक खाच वर घेतले. गाडीत बांधून झाल्यावर मुलानं पट्टा जातो तिथंच धरून सीट हलवली, ती इंचभरही सरकली नाही. पोरीला बसवून खांद्याशी पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न केला, तो चिमटीत येईना, म्हणजे ताण बरोबर. मी मुलाला म्हटलं, घाट चढायच्या आधी साखरप्याला दोन मिनिटं थांब. तिला पाणी दे आणि मानेशी पट्टा पिळला नाहीये ना ते एकदा हातानं चाचपून बघ.