भावाचं पत्र आलं की

आमच्या लहानपणी वर्ध्यातल्या बहुतेक घरांत खुंटीला तारेचा आकडा टांगलेला असे. वाचून झालेली पत्रं त्यात टोचून ठेवायची. वाण्याच्या याद्यांची कार्डं, लग्नाच्या कुंकू लावलेल्या पत्रिका, निळी आंतर्देशीय, सगळं एकावर एक. भावाचं पत्र मात्र आमच्या आज्या तारेला लावत नसत. ते लुगड्याच्या घडीत, पत्र्याच्या पेटीत जाई. दुपारची जेवणं आटोपली की शाळकरी नातवंडाला हाताशी धरून तेच पत्र पुन्हा वाचून घ्यायच्या. "हळू वाच, गिळू नको," असा दम असायचा. वर्धा, आर्वी, देवळी, हिंगणघाटकडे स्वातंत्र्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत जन्मलेल्या आमच्या पिढीला वाचनाचा पहिला सराव झाला तो असा.

त्या पत्रांत काय नसायचं? वर मध्यभागी 'श्री', मग 'चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद', मग कपाशीचा भाव, म्हैस व्याली, धाकटीला सांगून आलेलं स्थळ. त्याच ओळीत पुढे तालुक्याच्या काँग्रेस कमिटीत कोण कोणाशी भांडलं, विनोबा पवनारला काय बोलले, सरकार कुठे चुकलं. परिच्छेद नाही, नवी ओळ नाही. घर आणि देश एकाच शाईत. माझ्या आजीचा भाऊ बेचाळीसला नागपूरच्या जेलात होता. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीला पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर जिल्ह्यात धरपकड झाली, त्यात तोही सापडला. आतून आलेली त्याची पत्रं आजीनं आयुष्यभर जपली. त्यांत पहिली चौकशी असे ती आईच्या डोळ्यांची, आणि दुसरी, बाहेर काय चाललं आहे याची.

वर्ध्याचा आणि पत्रांचा संबंध तसाही जुना. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावात राहायला गेले आणि त्या आडगावात टपालाचा ओघ सुरू झाला. पण विदर्भात शेगावही होतं, संत गजानन महाराजांचं, रेल्वेच्या मार्गावरचं. सेगावची पत्रं शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम केलं. टपाल चुकतं म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव बदललं आणि ते नाव जगभर झालं! उजवा हात दुखला की गांधीजी डाव्या हातानं लिहीत. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्यात मगनवाडीत राहत आणि उन्हातान्हात सेवाग्रामला पायी जा-ये करत. त्या येण्याजाण्यात किती पत्रं इकडून तिकडे गेली असतील! गांधीजींच्या समग्र लेखनाचे शंभर खंड झाले, त्यांत पत्रांचा वाटा फार मोठा आहे, आणि ती उरली ती ज्यांना आली त्यांनी जपली म्हणून. जमनालाल बजाजांच्या घरानं बापूंची पत्रं जपली, त्यांचं काका कालेलकरांनी पुस्तक केलं.

जवाहरलालही आमच्या आज्यांच्या बोलण्यात घरच्या माणसासारखे यायचे. जमनालालजींच्या बजाजवाडीत काँग्रेसची कार्यकारिणी भरली की ते येणार, हे गावाला ठाऊक असे. १९४२ चे पहिले आठ महिने आमची आजी बोटांवर मोजून सांगायची. जानेवारीत वर्ध्याच्या बैठकीत गांधीजींनी सांगितलं, माझा वारस जवाहरलाल. ११ फेब्रुवारीला जमनालालजी गेले, अख्खं गाव सुतकात. मार्चच्या २६ तारखेला अलाहाबादला इंदिरेचं लग्न झालं, बापानं तुरुंगात कातलेल्या सुताची साडी ती नेसली होती. आमच्या सूत कातणाऱ्या आज्यांना त्या साडीचं केवढं कौतुक! त्याच आठवड्यात ब्रिटिश सरकारचे दूत क्रिप्स दिल्लीत बोलणी करत होते. १४ जुलैला वर्ध्यात ठराव झाला, इंग्रजांनी जावं. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत सगळे पकडले आणि नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव यांना नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं.

नेहरूंची बहिणींना लिहिलेली पत्रं आम्ही वाचली ती पुष्कळ नंतर, पन्नाशी जवळ आल्यावर. धाकटी बहीण कृष्णा हठीसिंग यांनी आपल्याला आलेली पत्रं १९६३ साली, भाऊ हयात असतानाच, पुस्तकरूपानं काढली. थोरली बहीण विजयालक्ष्मी यांना १९०९ ते १९४७ या काळात आलेली पत्रं त्यांची मुलगी नयनतारा सहगल यांनी २००० साली प्रसिद्ध केली. एक भावापेक्षा अकरा वर्षांनी लहान, दुसरी अठरा. एक 'नान', दुसरी 'बेट्टी'. ती पत्रं इंग्रजीत आहेत, अलाहाबादच्या आनंद भवनातल्या घराण्याची आहेत, आमच्या आर्वी-देवळीच्या घरांशी त्यांचं काय साम्य असणार, असं वाटलं होतं. वाचायला घेतली आणि आजीची पेटी उघडल्यासारखं झालं. आईची तब्येत, भाचरांचं शिक्षण, हवी असलेली पुस्तकं, तुरुंगाच्या अंगणातली फुलं आणि मधेच युरोपात पेटलेलं युद्ध. तीच शाई.

त्या घरानं तुरुंग वाटून घेतला होता. १९३२ च्या जानेवारीत दोघी बहिणींना एकेक वर्षाची सक्तमजुरी झाली, त्या लखनौच्या तुरुंगात, भाऊ दुसऱ्या तुरुंगात. विजयालक्ष्मींचे पती रणजित पंडितही आत-बाहेर करत. हे पंडित घराणं राजकोटला स्थायिक झालेलं, पण मूळ कोकणातलं, मराठी सारस्वत. रणजित संस्कृतचे मोठे जाणकार, 'राजतरंगिणी'चं इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात केलं. नैनीच्या तुरुंगात त्यांनी उजाड अंगणात फुलं फुलवली, त्याचं कौतुक नेहरूंनी आत्मचरित्रात केलं आहे. १९३२ मध्येच आई आणि पत्नीचा तुरुंगाच्या दारात अपमान झाला म्हणून नेहरूंनी सगळ्या भेटी सोडल्या. महिनोन्महिने घरचं माणूस दिसलं नाही. अशा वेळी मोजक्या पत्रांत माणूस किती जीव ओतत असेल, हे ज्यांच्या घरचं कोणी आत होतं त्यांना सांगावं लागत नाही.

वडील मोतीलालजी १९३१ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा कृष्णा तेवीस वर्षांची, अविवाहित. आपण आता भावावर भार, असं तिच्या मनानं घेतलं. भावानं तिला कळवलं, वडिलांच्या मागे जे आहे त्याचा मी मालक नाही, विश्वस्त आहे. त्यावर आधी आईचा आणि तुझा हक्क. कृष्णाबाईंनी ही गोष्ट आठवणींत नोंदवली आहे. ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आमच्या आजीच्या भावानं तिला चाळीस वर्षं पत्रं लिहिली, प्रेमानं लिहिली, भाऊबीजेची मनीऑर्डर एकदाही चुकवली नाही. पण ही ओळ त्या पेटीत नव्हती. हक्कसोडाच्या कागदावर आजीनं सही केली, माहेर तुटू नये म्हणून. तिच्या सगळ्या मैत्रिणींनी केली. गावात त्याला कोणी अन्याय म्हणत नव्हतं, रीत म्हणत होते. त्या भावांनी तुरुंग सोसला, नोकऱ्या सोडल्या, खादी नेसली, आणि बहिणीचा हिस्सा मात्र त्यांच्या मनात आला नाही. त्यांचं मोठेपण मी कमी लेखत नाही. पण हे लिहायला हवं.

नेहरूंच्या घरालाही तो चटका बसलाच. रणजित पंडित तुरुंगातून आजारी सुटले आणि १४ जानेवारी १९४४ ला लखनौला वारले. मृत्युपत्र नव्हतं. विजयालक्ष्मींना तीन मुली, मुलगा नाही, दोघी थोरल्या अमेरिकेत शिकायला गेलेल्या. भाऊ नगरच्या किल्ल्यात. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांना आदल्या वर्षी कलकत्त्यात पत्नी गेल्याची बातमी कळली होती. दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून नेहरू तिथे फुलझाडं लावत होते, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. बहिणीवर आभाळ कोसळलं तेव्हा या माणसाला पत्रापलीकडे काही करता येत नव्हतं. आणि विजयालक्ष्मींना कळून चुकलं, की मुलगा नसलेल्या विधवेच्या हाती सासरच्या मिळकतीतलं काही पडत नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत प्रांताची मंत्री राहिलेली, तुरुंग भोगलेली बाई, आणि कायद्यापुढे आमच्या आजीइतकीच रिकामी! त्याच वर्षाच्या शेवटी त्या अमेरिकेला गेल्या, देशाची बाजू मांडली, १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

हिंदू कोड बिलासाठी जीव तोडला तो डॉ. आंबेडकरांनी. ते रखडलं आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. नेहरूंनी तेव्हा आणखी रेटायला हवं होतं, असं माझं मत आहे. ज्याला दोन बहिणींची पत्रं पाठ होती त्यानं तरी. अखेर १९५६ चा वारसा कायदा झाला, विधवेला पूर्ण मालकी आणि मुलीला वाटा मिळाला. महाराष्ट्रात १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी सहहिस्सेदार झाली. आजी तेव्हा नव्हती.

पेटीतली पत्रं वाचताना आणखी एक गोष्ट सलते. आमच्याकडे भावाची पत्रं आहेत, बहिणीची नाहीत. आजी काय लिहीत होती? तिनं जेलात काय कळवलं, कशाबद्दल रागावली, जमिनीबद्दल कधी एक अक्षर काढलं का? तिची पत्रं भावाच्या घरी गेली आणि तिथली पेटी घर पाडताना रद्दीत गेली. नेहरूंच्या त्या दोन पुस्तकांतही भावाचाच आवाज मोठा आहे.

म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वयाच्या सगळ्यांना एक विनंती आहे. घरात जुनी पत्रं असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा बसून वाचा. अक्षर ओळखणारी आत्या, मावशी अजून असेल तर तिला विचारून मागे पेन्सिलीनं नाव आणि साल लिहून ठेवा. मामाच्या घरी फोन करा, तुमच्या आईनं, आजीनं लिहिलेली पत्रं तिकडे उरली आहेत का ते विचारा. असतील तर मागून आणा, निदान मोबाईलवर फोटो काढून घ्या. हे काम या दिवाळीला, भाऊबीजेला गेलात की करा.