साठवणं आणि शमवणं

वागळे इस्टेटचे गाळे असोत की डोंबिवली एमआयडीसीतले कारखाने, माझं काम एकच: फिरत्या यंत्रांची थरथर शोधायची आणि उतरवायची. चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १,४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला चोवीस. ब्लोअरच्या एका पात्यावर धुळीचा थर चढला, तर तेवढेच धक्के बेअरिंगला सेकंदागणिक बसतात.

निओडिमियमची चुंबकं सहज मिळू लागल्यापासून तरुण फिटर विचारतात, "साहेब, रबराच्या पॅडऐवजी चुंबकं लावली तर?" मला हा प्रश्न आवडतो. समान ध्रुव समोरासमोर दाबले की दाबण्यात खर्ची पडलेली ऊर्जा मधल्या फटीत साठते आणि सोडताच परत मिळते. फट कमी होईल तसा रेटा झपाट्याने वाढतो. त्यात झीज नाही, तेलपाणी नाही. मात्र नुसत्या स्थिर चुंबकांवर शाफ्ट तरंगत ठेवता येत नाही. एका दिशेने सावरला की दुसरीकडे घसरतो. गणितज्ञ अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच हे गणिताने दाखवलं.

पण खरी अडचण वेगळी आहे. चुंबकाची गादी ही स्प्रिंगच. घेतलेलं सगळं परत करते, म्हणून थरथर चालूच राहते. ती शमवायची तर ऊर्जा खर्च व्हायला हवी, आणि तिथे तांबं किंवा ॲल्युमिनियम लागतं. चुंबकासमोरून अशी पट्टी हलली की तिच्यात भोवरी प्रवाह उठतात, हालचालीला विरोध करतात आणि तिची ऊर्जा उष्णतेत जाते. वेग जास्त तसा विरोध जास्त, आणि स्पर्श कुठेच नाही.

ठाणे-कल्याणच्या घराघरांत हे वर्षानुवर्षं चाललं. जुन्या वीजमीटरची ॲल्युमिनियमची तबकडी कायम चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून फिरायची. तो ब्रेक होता, म्हणून तिचा वेग वापरलेल्या विजेच्या प्रमाणात राहायचा. काही मीटरांत तबकडीचं वजनही चुंबकच पेलायचं, पण तिला जागेवर धरायला वर-खाली पिना लागायच्याच.

साधं निओडिमियम ८० अंश सेल्सिअसपलीकडे कमजोर होतं, म्हणून तापट मोटरच्या अंगाला ते लावू नये. आणि चुंबकं आणण्याआधी पातं पुसावं, बॅलन्सिंग करावं, पायाचे बोल्ट आवळावेत. एवढं करूनही कंप उरला, तर त्याची ऊर्जा कुठे जिरवायची हे आधी ठरवावं. ते ठरलं की चुंबक कुठे बसवायचं हे आपोआप कळतं.