सोनगीरच्या ओट्यावर ‘दोबार दान’

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे मागे टाकून उत्तरेकडे निघालं, की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी दिसते. तेच आमचं सोनगीर. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेलं गाव. स्टील घरोघर आल्यापासून ठोक्यांचा आवाज कमी झाला, तरी सोनगीरचा हंडा म्हटलं की जुन्या बायकांचे डोळे अजून चमकतात. अशा या गावात गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर क्रोएशियन भाषेचा वर्ग भरत होता, असं सांगितलं तर खरं वाटेल का तुम्हांला?

विद्यार्थी एकच, आणि बाई मी! थोरल्या जाऊबाईंचा मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायला क्रोएशियाला निघाला होता. एड्रियाटिक समुद्राकाठचा, इटलीच्या समोरचा हा देश. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३९ लाखांच्या आतच भरली. आपल्या जळगाव जिल्ह्याचीच २०११ साली ४२ लाखांवर होती! २०१३ मध्ये हा देश युरोपीय संघात गेला आणि तिथली बरीच तरुण मुलं जर्मनी-आयर्लंडकडे कामाला निघून गेली. म्हणून आता नेपाळ-भारताकडून माणसं नेतात. करार, परवाना, पगार, राहण्याची सोय सगळं नीट तपासून झालं होतं. जाऊबाईंचा घोर वेगळाच होता. “तठे मना पोऱ्याले कोन इचारी वो?” एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. मी नाशिककडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटेत भेटेल ती बाई विचारायची, “कथा चालनी वो माय?” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं, की ही काही चौकशी नव्हे, हा इथला रामराम. कुठे चाललो ते सांगायचं नसतं, ‘आठेच’ म्हणायचं आणि हसायचं. त्या एका ‘आठेच’ने मला किती घरांची दारं उघडून दिली! म्हणून ठरवलं, पोराला व्याकरण नको, आधी तिथला रामराम शिकवायचा.

मोबाईलवर उच्चार ऐकायचे आणि मी ते पाटीवर देवनागरीत लिहायचे. रोमन लिपीतली त्यांची अक्षरं आपल्यासारखीच, एका अक्षराचा ठरलेला एक उच्चार. सकाळी ‘दोब्रो युत्रो’, दिवसा ‘दोबार दान’, संध्याकाळी ‘दोब्रा वेचेर’ आणि रात्री निरोप घेताना ‘लाकू नोच’. एरवी निरोपाला ‘दोविजेन्या’. बरोबरीच्या मित्राला नुसतं ‘बोग’ म्हटलं तरी चालतं. बोग म्हणजे देव. म्हणजे हाही रामरामच झाला की! मात्र मालकाला किंवा वडीलधाऱ्यांना ‘बोग’ म्हणायचं नाही.

आभाराला ‘ह्वाला’. पोरगा सारखा ‘हवाला’ म्हणे. मी म्हटलं, “अरे, परदेशात हवाला-हवाला करत फिरलास तर पोलीस धरतील!” मग मात्र शब्द बरोबर बसला. सगळ्यात कामाचा शब्द ‘मोलिम’. काही मागताना ‘कृपया’ म्हणून तोच, कुणी आभार मानले तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तोच, आणि ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ म्हणूनही तोच. धक्का लागला तर ‘ओप्रोस्तिते’, माफ करा. ‘कसा आहेस’ला ‘काको सी’ आणि ‘कसे आहात’ला ‘काको स्ते’. इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं, पण आपल्या मुलांना तू आणि तुम्ही वेगळं सांगावं लागत नाही.

बी. ए. ला माझं संस्कृत होतं. ‘सी’ पाटीवर लिहिताना ‘असि’ आठवलं, ‘दान’ला दिन आठवला. मग शोधच लागला. त्यांच्याकडे सुनेला ‘स्नाहा’ म्हणतात, आपली स्नुषा! सासरे ‘स्वेकार’, म्हणजे श्वशुर. सासू ‘स्वेकर्वा’, म्हणजे श्वश्रू. दीर ‘द्येवेर’, म्हणजे देवर. आणि जाऊ? ‘येत्रवा’, म्हणजे संस्कृतातली यातृ, तिच्यापासूनच आपली जाऊ आली. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, दोन्ही भाषा एकाच फार जुन्या मूळ भाषेच्या लेकी. युरोपात छापलेलं पहिलं संस्कृत व्याकरण १७९० मध्ये रोमला निघालं, तेही क्रोएशियन वंशाच्या एका धर्मोपदेशकाचं. इव्हान फिलिप वेझदिन त्यांचं नाव. केरळात बारातेरा वर्षं राहून ते संस्कृत शिकले होते.

हे सारं मी जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “तठे बी सासू-सुना शेतीस का?” आणि त्या दिवसापासून संध्याकाळी त्याही ओट्यावर येऊन बसू लागल्या.

ज्यांची मुलं अशी दूर निघाली असतील, त्या भगिनींना एवढंच सांगते. बॅगेत लोणचं-पापड भराच, पण जाण्याआधी महिनाभर त्या मुलखाचे दहा-पंधरा शब्द मुलाच्या तोंडी बसवा, आणि चार स्वतःही शिका. कामाला माणूस कुठेही मिळतो. पण नमस्कार करणाऱ्याला लोक नाव विचारतात.

आमचा मुलगा आता तिकडे रुळतो आहे. गेल्या रविवारी फोनवर त्याच्या मागे घरमालकीण दिसली, पिकल्या केसांची, ॲप्रन बांधलेली. तिने हात हलवून “दोबार दान!” म्हटलं. जाऊबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि स्पष्ट म्हणाल्या, “ह्वाला.”

“मोलिम, मोलिम,” ती बाई हसत म्हणाली.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “त्यात काय एवढं, असं म्हणतात त्या.”

“मंग बरं शे,” जाऊबाई म्हणाल्या, आणि पोराला विचारू लागल्या, जेवलास का म्हणून.